गेमिंग पीसीसाठी एसएसडी घ्यावी का? खर्च करण्याआधी हे नक्की वाचा



"दादा, माझ्या पीसीत जुनी हार्ड डिस्क आहे. एसएसडी टाकली तर गेम फास्ट होईल का?" ओळखीतल्या मुलांचे पीसी जोडून देतो म्हणून हा प्रश्न मला सारखा विचारला जातो. प्रश्न एका ओळीचा आहे, पण त्याचं उत्तर "हो" पण आहे आणि "नाही" पण आहे. कारण "फास्ट" या शब्दाचे इथे दोन अर्थ होतात. एक म्हणजे गेम लवकर उघडणं. दुसरा म्हणजे उघडल्यावर तो न अडकता चालणं. एसएसडी पहिलं काम भन्नाट करते. दुसरं काम बहुतेक वेळा तिच्या हातात नसतंच.

घरून एकदाच पैसे मिळणार असतील किंवा स्वतः साठवलेले असतील, तर हा फरक आधी समजलेला बरा. चला तर मग, सगळं नीट समजून घेऊया.

थोडक्यात उत्तर

घाईत असाल तर एवढं वाचा:

- पीसीत फक्त हार्ड डिस्क असेल, तर एसएसडी घ्याच. पूर्ण पीसी बदलल्यासारखा वाटेल.
- साधी साटा एसएसडी आधीपासून असेल, तर फक्त गेमसाठी महागडी एनव्हीएमई घेऊन फार फरक पडणार नाही.
- तुमची तक्रार कमी एफपीएसची असेल, तर आधी ग्राफिक्स कार्ड, रॅम आणि प्रोसेसर तपासा.

आता यामागचं कारण बघू.

हार्ड डिस्क हळू का असते?

हार्ड डिस्कच्या आत गोल चकत्या फिरत असतात आणि एक बारीक हेड त्यावरून डेटा वाचतं. डेस्कटॉपमधली नेहमीची हार्ड डिस्क मिनिटाला ७,२०० फेरे मारते. म्हणजे एका फेऱ्याला साधारण ८.३ मिलीसेकंद लागतात. हवा तो डेटा हेडखाली यायला सरासरी अर्धा फेरा, म्हणजे ४ मिलीसेकंदांच्या आसपास जातात. त्यात हेडला योग्य जागी सरकायला आणखी ८-९ मिलीसेकंद लागतात. म्हणजे एक छोटा तुकडा शोधायलाच १२-१३ मिलीसेकंद गेले.

ऐकायला हे काहीच नाही वाटत, बरोबर? पण या हिशोबाने हार्ड डिस्क सेकंदाला ८० च्या आसपासच तुकडे शोधू शकते. आणि गेम उघडताना टेक्श्चर, आवाज, मॉडेल असे हजारो छोटे तुकडे वेगवेगळ्या जागांहून मागवले जातात. म्हणून लोडिंगचा पट्टा ढिम्म हलत नाही.

एसएसडीत फिरणारं काहीच नाही. डेटा फ्लॅश मेमरीच्या चिपमध्ये असतो. तुकडा कुठेही असला तरी तो मिलीसेकंदाच्या दहाव्या भागाच्या आसपास हाती येतो. म्हणजे शोधण्याच्या कामात ती शंभर पटीच्या घरात वेगवान आहे.

आणि गंमत म्हणजे तुम्ही हे तंत्र रोज वापरताच. तुमच्या मोबाईलमधलं यूएफएस किंवा ईएमएमसी स्टोरेज ही पण फ्लॅश मेमरीच आहे. म्हणूनच हार्ड डिस्कवाला पीसी सुरू होऊन स्थिर होईपर्यंत मोबाईलवर एखादा गेम उघडून लॉबीत बसून पण होतं.

मग एफपीएस वाढतो का?

नाही. सरासरी एफपीएस एसएसडीने वाढत नाही. प्रत्येक फ्रेम तयार करायचं काम ग्राफिक्स कार्ड आणि प्रोसेसरचं आहे. एसएसडीचं काम त्यांच्यापर्यंत माल पोहोचवणं. हॉटेलात भाजी वेळेवर आली म्हणून आचाऱ्याचा हात जास्त चालत नाही, तसंच हे.

माझ्या मावसभावाला एका दुकानदाराने सांगितलं होतं, "एसएसडी टाक, लॅग बंद होईल." त्याच्या पीसीत ग्राफिक्स कार्डच नव्हतं आणि ८ जीबी रॅमची एकच स्टिक होती. एसएसडी टाकल्यावर विंडोज पटकन सुरू व्हायला लागलं, गेमही लवकर उघडायला लागला. पण मॅच सुरू झाली की एफपीएस जिथल्या तिथे! आम्ही टास्क मॅनेजर उघडून बघितलं, तर जीपीयू पूर्ण भरलेला आणि डिस्क निवांत. नंतर रॅमची दुसरी स्टिक लावली, तेव्हा कुठे खेळताना फरक दिसला. प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सला स्वतःची वेगळी मेमरी नसते, ते रॅमच वापरतं. म्हणून दोन स्टिकचा त्याला थेट फायदा होतो.

पण एक गोष्ट एसएसडी नक्की सुधारते, ती म्हणजे अधूनमधून बसणारे झटके. ओपन वर्ल्ड गेममध्ये तुम्ही गाडी पळवत असता आणि पुढचा रस्ता, इमारती, माणसं गेम चालू असतानाच स्टोरेजमधून आणल्या जातात. हार्ड डिस्क मागे पडली की मधेच अर्धा सेकंद सगळं थांबतं, किंवा इमारती आधी मातीच्या गोळ्यासारख्या दिसतात आणि नंतर स्पष्ट होतात. सरासरी एफपीएस ६० दाखवत असला तरी खेळायला मजा येत नाही. अशा ठिकाणी एसएसडीचा फायदा होतो.

नवीन गेम एसएसडी का मागतात?

याचं मोठं कारण कन्सोल आहेत. २०१३ च्या प्लेस्टेशन ४ मध्ये हार्ड डिस्क होती. नोव्हेंबर २०२० मध्ये आलेल्या प्लेस्टेशन ५ मध्ये सेकंदाला ५.५ जीबी वाचणारी एसएसडी आली. त्याच महिन्यात आलेल्या एक्सबॉक्स सिरीज एक्समध्येही एसएसडीच आहे. कन्सोलमधून हार्ड डिस्क गेली, तशी गेम बनवणाऱ्यांनीही तिची काळजी करणं हळूहळू सोडून दिलं.

काही उदाहरणं बघा:

- स्टारफील्ड (२०२३): किमान गरजांमध्येच एसएसडी लिहिली आहे.
- बाल्डर्स गेट ३ (२०२३): एसएसडी मागतो, पण सेटिंगमध्ये हळू हार्ड डिस्कसाठी वेगळा पर्याय दिला आहे.
- सायबरपंक २०७७: २०२० मध्ये आला तेव्हा किमान गरजांमध्ये हार्ड डिस्क चालत होती. २०२३ च्या २.० अपडेटपासून तिथे एसएसडी आली.

आधीच्या काळात हार्ड डिस्कसाठी एक जुगाड केला जायचा. एकच वस्तू गेमच्या फाइलमध्ये अनेक ठिकाणी परत परत ठेवायची, म्हणजे हेडला लांब पळावं लागत नाही. प्लेस्टेशन ५ ची रचना समजावून सांगताना मार्क सर्नी यांनी मार्च २०२० मध्ये स्पायडर-मॅन गेमचं उदाहरण दिलं होतं. त्यात डेटाचे काही तुकडे तब्बल ४०० वेळा ठेवलेले होते! हेलडायव्हर्स २ च्या पीसी आवृत्तीतही असंच होतं. हा गेम १५० जीबीच्या आसपास जागा खायचा. २०२५ च्या डिसेंबरमध्ये डेटाच्या जादा प्रती काढल्यावर तो सुमारे २३ जीबीवर आला.

लोडिंगचा दोष नेहमी डिस्कचा नसतो

हेलडायव्हर्सच्या याच गोष्टीत आणखी एक धडा आहे. जादा प्रती काढल्यावर हार्ड डिस्कवाल्यांचं लोडिंग खूप लांबेल अशी भीती होती. प्रत्यक्षात फरक काही सेकंदांचाच पडला, कारण तिथे जास्त वेळ मिशनचा नकाशा तयार करण्यात जात होता.

याहून भारी उदाहरण म्हणजे जीटीए ऑनलाइन. कितीही चांगला पीसी असो, हा गेम उघडायला कित्येक मिनिटं लागायची. २०२१ मध्ये एका प्रोग्रॅमरने स्वतःच शोध घेतला. त्याला कळलं की साधारण १० एमबीची एक यादी वाचताना गेम प्रोसेसरला नको ती मेहनत परत परत करायला लावतोय. त्याने केलेल्या दुरुस्तीने त्याच्या पीसीवरचं लोडिंग जवळपास ७० टक्के कमी झालं. कंपनीनेही हे मान्य करून अपडेट दिलं आणि त्याला १०,००० डॉलर बक्षीस दिलं. आता विचार करा, त्या काळात फक्त या गेमसाठी कुणी महागडी एसएसडी घेतली असेल, तर त्याचं काय झालं असेल?

ऑनलाइन मॅचचंही असंच. तुमचा नकाशा ५ सेकंदांत लोड झाला, तरी बाकीचे खेळाडू येईपर्यंत थांबावंच लागतं. आणि पिंग जास्त असेल तर तो इंटरनेटचा विषय आहे, त्यात एसएसडीचा काही संबंध नाही.

साटा की एनव्हीएमई?

बाजारात गेल्यावर इथेच सगळ्यांचा गोंधळ होतो. वाचनाचा वेग साधारण असा असतो:

- हार्ड डिस्क: सेकंदाला १००-२०० एमबी
- साटा एसएसडी: ५५० एमबीपर्यंत
- एनव्हीएमई जेन ३: ३,५०० एमबीपर्यंत
- एनव्हीएमई जेन ४: ७,००० एमबीच्या आसपास
- एनव्हीएमई जेन ५: १०,००० एमबी आणि त्याहून जास्त

समजा गेमला १० जीबी डेटा वाचायचा आहे. नुसत्या गणिताने हार्ड डिस्कला १५० एमबीच्या वेगाने ६७ सेकंद लागतील, साटाला १८, जेन ३ ला ३ आणि जेन ४ ला दीड सेकंद. कागदावर जेन ४ ही साटाच्या बारा पट पुढे दिसते.

पण खेळताना असं होत नाही. गेमचा डेटा दाबून बसवलेला असतो. तो वाचल्यावर प्रोसेसरला उलगडावा लागतो, मग रॅममध्ये आणि ग्राफिक्स कार्डच्या मेमरीत भरावा लागतो. एसएसडी कितीही पळाली तरी पुढचा माणूस त्याच्याच चालीने चालणार. म्हणून हार्ड डिस्कवरून साटावर आलात की मिनिटांचे सेकंद होतात, पण साटावरून जेन ४ वर गेल्यावर बहुतेक गेममध्ये थोडेच सेकंद वाचतात.

ही अडचण सोडवायला मायक्रोसॉफ्टने डायरेक्टस्टोरेज आणलं. जानेवारी २०२३ मध्ये आलेला फोरस्पोकन हा ते वापरणारा पहिला पीसी गेम. पण अजून सगळे गेम ते वापरत नाहीत. त्यामुळे त्याच्या भरवशावर आज जेन ५ घ्यायची गरज मला तरी वाटत नाही.

मग नवीन पीसी बांधताना काय घ्यायचं? तिथे एनव्हीएमईच घ्या. साटा आणि साध्या एनव्हीएमईच्या किमतीत बऱ्याचदा फारसा फरक नसतो आणि वायरींची कटकटही नाही. फक्त सगळ्यात महागडीच्या मागे लागू नका. उरलेले पैसे ग्राफिक्स कार्डात घाला.

घेण्याआधी स्वतःचा पीसी असा तपासा

हे काम फुकट आहे आणि दहा मिनिटांत होतं:

१. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा.
२. परफॉर्मन्सवर जा. डिस्कच्या नावाखाली एचडीडी लिहिलंय की एसएसडी, ते दिसेल.
३. गेम सुरू करा आणि जिथे त्रास होतो त्या क्षणी परत इथे येऊन बघा.
४. डिस्क १०० टक्क्यांवर अडकली असेल, तर एसएसडीचा फायदा होईल.
५. जीपीयू ९५ टक्क्यांच्या वर असेल आणि डिस्क शांत असेल, तर कमी एफपीएसला ग्राफिक्स कार्ड कारणीभूत आहे. आधी गेमची सेटिंग कमी करून बघा.
६. रॅम जवळजवळ भरलेली असेल, तर आधी रॅम वाढवा. रॅम संपली की विंडोज डिस्कचा आधार घेतं, म्हणून डिस्कही १०० टक्के दिसू शकते. इथेच बरेच जण फसतात.

किती जीबीची घ्यावी?

२५६ जीबी आता गेमिंगसाठी पुरत नाही. विंडोज आणि रोजची सॉफ्टवेअर बसली की एक-दोन मोठ्या गेममध्येच ती भरते. एकट्या स्टारफील्डलाच १२५ जीबी जागा लागते. ५१२ जीबी ही सुरुवातीसाठी ठीक आहे. जमत असेल तर १ टीबी घ्या. आणि विंडोजमध्ये १ टीबीची ९३१ जीबीच दिसली तर घाबरू नका, तो फक्त मोजण्याच्या पद्धतीतला फरक आहे.

बजेट कमी असेल तर माझा आवडता मार्ग सांगतो. ५१२ जीबीची एसएसडी घ्या आणि जुनी हार्ड डिस्क काढू नका. विंडोज आणि सध्या खेळताय ते दोन-तीन गेम एसएसडीवर ठेवा. सिनेमे, फोटो, जुने गेम हार्ड डिस्कवर. स्टीमवर सेटिंगमधल्या स्टोरेजमध्ये जाऊन गेम एका ड्राइव्हवरून दुसऱ्यावर हलवता येतो, पुन्हा डाउनलोड करावा लागत नाही. रोजच्या डेटाची मर्यादा सांभाळणाऱ्यांसाठी हे फार कामाचं आहे.

खरेदी करताना या गोष्टी बघा

लॅमिंग्टन रोडवर जा नाहीतर ऑनलाइन मागवा, ही यादी जवळ ठेवा.

स्लॉट: एम.२ हा फक्त आकार आहे. एम.२ आकारात साटा एसएसडी पण मिळते आणि एनव्हीएमई पण. मदरबोर्डच्या माहितीपत्रकात तुमचा स्लॉट कोणती चालवतो ते बघा. काही बोर्डांवर एम.२ वापरला की साटाचे एक-दोन पोर्ट बंद होतात, तेही तिथेच लिहिलेलं असतं. स्लॉटच नसेल तर अडीच इंची साटा एसएसडी घ्या, ती जुन्या पीसीतही आरामात बसते.

चिपचा प्रकार: टीएलसी आणि क्यूएलसी असे दोन प्रकार जास्त दिसतात. क्यूएलसी स्वस्त पडते, पण मोठी फाइल लिहिताना थोड्या वेळाने तिचा वेग बराच खाली येतो. किमतीत थोडाच फरक असेल तर टीएलसी घ्या.

वॉरंटी: ३ किंवा ५ वर्षं असते. पक्कं बिल घ्या आणि जपून ठेवा.

खोट्या एसएसडी: अगदी किरकोळ किमतीत ८ किंवा १६ टीबीची एक्स्टर्नल एसएसडी दिसली तर लांबच राहा. असल्या डब्यात बऱ्याचदा आत साधं मेमरी कार्ड चिकटवलेलं असतं. आकडा मोठा दिसतो, पण खरी जागा भरली की तुमच्या फाइल खराब होतात.

एसएसडी लवकर खराब होते का?

ही भीती अनेकांना आहे. एसएसडीवर किती डेटा लिहिता येईल याची मर्यादा टीबीडब्ल्यू या आकड्यात दिलेली असते. १ टीबीच्या चांगल्या ड्राइव्हला हा आकडा साधारण ६०० टीबी असतो. तुम्ही रोज ५० जीबी लिहिलंत तरी वर्षाला सव्वाअठरा टीबी होतात. म्हणजे ६०० टीबी व्हायला ३२ वर्षं! तोपर्यंत बाकीचा पीसी भंगारात गेलेला असेल.

खरी काळजी वेगळी आहे. हार्ड डिस्क बिघडायच्या आधी बऱ्याचदा खरखर आवाज करून इशारा देते. एसएसडी काही न सांगता एकदम बंद पडू शकते आणि मग डेटा परत मिळवणं अवघड जातं. गेम पुन्हा डाउनलोड होतील, पण कॉलेजचा प्रोजेक्ट आणि घरचे फोटो होणार नाहीत. त्यांची दुसरी प्रत ठेवाच. तसंच ड्राइव्ह गच्च भरू नका, १५ टक्के तरी रिकामी राहू द्या. आणि एसएसडीवर जुन्या पद्धतीचं डीफ्रॅग करणारं सॉफ्टवेअर चालवू नका, विंडोज तिची निगा स्वतः राखतं.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

नवीन एसएसडी लावली पण दिसत नाही, काय करू?
नवी ड्राइव्ह कोरी असते. डिस्क मॅनेजमेंट उघडून ती इनिशियलाइझ करा, जीपीटी निवडा आणि नवीन व्हॉल्यूम बनवा. मग दिसेल. आधीच्या ड्राइव्हला मात्र चुकूनही फॉरमॅट लावू नका.

विंडोज जुन्याच डिस्कवर ठेवून फक्त गेम एसएसडीवर टाकले तर?
गेम लवकर उघडतील, पण पीसी सुरू व्हायला तेवढाच वेळ घेईल. शक्य असेल तर विंडोजही एसएसडीवर नव्याने टाका. मदरबोर्ड तोच असेल तर डिजिटल लायसन्स सहसा तसंच चालतं.

लॅपटॉपमध्ये जागाच नाही, मग?
यूएसबी ३ वर चालणारी एक्स्टर्नल एसएसडी घेऊन त्यावर गेम ठेवता येतात. हार्ड डिस्कपेक्षा ती नक्कीच बरी.

शेवटी, घ्यायची की नाही?

माझं मत सांगतो. फक्त हार्ड डिस्क असेल, तर मी दुसरा विचार न करता आधी एसएसडी घेईन, साटा असली तरी चालेल. कारण तिचा फायदा फक्त गेमला नाही, पीसीवरच्या प्रत्येक कामाला होतो. साटा एसएसडी असेल आणि जागा पुरत असेल, तर मी पैसे साठवून ग्राफिक्स कार्डाची वाट बघेन. आणि फक्त ८ जीबी रॅमवर नवीन गेम अडकत असतील, तर आधी रॅम.

म्हणजे सोपं लक्षात ठेवा: वाट बघायला लागत असेल तर एसएसडी, खेळताना अडकत असेल तर आधी टास्क मॅनेजर. दुकानात पाऊल टाकण्याआधी ती दहा मिनिटांची तपासणी करा. पुढे दुकानदार काहीही म्हणाला, तरी आपल्याला काय हवंय ते तुम्हाला माहीत असेल.

माहिती उपयोगी वाटली तर नवीन पीसी घ्यायच्या विचारात असलेल्या तुमच्या मित्रालाही नक्की पाठवा.